ड्रिलमास्तरांचा ओला दोर

जगात जेवढी म्हणून भांडणे, भित्रेपणा, अबोला आणि अपचन आहे, ते सारे माणसाचे दोन्ही पाय सदैव जमिनीवर असल्यामुळे आहे, असे आमच्या ड्रिलमास्तरांचे ठाम मत होते. मी पुष्कळ विद्वान पाहिले. परंतु आपल्या मताशी इतका एकनिष्ठ राहिलेला दुसरा माणूस पाहिला नाही. तुळजापूरच्या आमच्या शाळेत ते कवायत शिकवीत. त्याआधी निजामाच्या फौजेत नद्यांवर दोरांचे पूल बांधणाऱ्या तुकडीत आपण काही वर्षे होतो, असे ते सांगत. फौज गेली, राज्य गेले, पण दोर त्यांच्या हातातून सुटला नव्हता. दोन झाडे शेजारी उभी दिसली की तुम्हाआम्हाला सावली दिसते. त्यांना मधले अंतर दिसे. मग ते जवळ जात, झाडाला कवेत घेत, डोळे मिटून त्याला दोनतीन हिसके देत आणि समाधानाने किंवा खेदाने मान हलवीत. एकदा पुजाऱ्यांच्या घरातल्या एका वयस्क बाईंनी त्यांना आपल्या परसातल्या लिंबाला मिठी मारून उभे असलेले पाहिले. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, घरी बरं हाय न्हवं सगळं?" मास्तर मिठी न सोडता म्हणाले, "सगळं खुशाल हाय काकू. याचा दम बघतोय." त्या बाईंनी पुढे आठवडाभर त्यांच्या नावाने देवीला रोज नारळ वाढवला, असे मी ऐकले आहे.

त्यांच्या उजव्या खिशात हातभर सुतळी कायम असे. बोलताना ते तिला गाठी मारीत आणि सोडीत, त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याचे लक्ष शब्दांकडे न राहता बोटांकडे जाई. दुसऱ्याने मारलेली गाठ मात्र त्यांना कधीच पसंत पडत नसे. गावात एका लग्नाला ते जेवायला म्हणून गेले आणि पंगत बसेपर्यंत वेळ आहे असे पाहून त्यांनी मांडवाच्या मेढींच्या साऱ्या गाठी सोडून नव्याने बांधल्या. लग्न यथासांग पार पडले, वऱ्हाड गेले; पण मांडव उतरेना. गडीमाणसे दमली, कोणी विळा आणायला निघाला, तर दोर भाड्याचे असल्यामुळे मालक कापू देईना. तीन दिवस तो मांडव रस्त्यात उभा होता आणि सोलापुराहून आलेले यात्रेकरू त्यात चुली मांडून स्वयंपाक करीत होते. शेवटी वधूपिता स्वतः मास्तरांना बोलवायला आले. मास्तरांनी चार बोटांनी एकेक गाठ अशी सोडली की जणू ती कधी बांधलीच नव्हती, आणि वधूपित्याला म्हणाले, "गाठ कशी पाहिजे साहेब, वझ्याला सुटू न्हाय आणि मालकाला अडू न्हाय." वधूपित्याची मुद्रा त्या वेळी मालकासारखी दिसत नव्हती.

पोलीस ॲक्शननंतर शाळेतले सगळे बदलले, तशी कवायतीची भाषाही बदलली. वरून हुकूम आला की आज्ञा आपल्या भाषेत द्याव्यात. मास्तरांनी तो शिरसावंद्य मानला, पण जीभ हुकूम मानत नाही. ते 'सावधान' म्हणत आणि पाठोपाठ, जणू जुन्या ओळखीच्या माणसाला टाळून पुढे जाणे बरे नव्हे म्हणून, पुटपुटत 'होशियार' म्हणत. मुले पहिल्याला अर्धी आणि दुसऱ्याला पूर्ण सावध होत. आनंद झाला तर ते मराठीत बोलत, रागावले तर उर्दूत, आणि फार काळजीत असले तर काहीच न बोलता शिट्टी तोंडात धरून नुसते श्वास घेत, त्यामुळे त्यांची काळजी दूरवरून बारीक आवाजात ऐकू येई.

अशा माणसाची आणि माझी गाठ पडली ती माझ्या अत्यंत वाईट दिवसांत. मी हैदराबादेहून पदवी घेऊन त्या शाळेत इतिहास शिकवायला लागलो होतो. इतिहास मला येत होता. मला येत नव्हते ते बोलणे. वर्गात उभा राहिलो की माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत कसाबसा जाई आणि तिथेच बसकण मारी. मागच्या बाकांवरची मुले माझ्या ओठांकडे पाहून तह आणि लढाया यांचे अंदाज बांधीत. सहा महिने हे चालल्यावर हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावले. ते सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, त्यावरूनच मी काय ते समजलो. "दिवाळीनंतर इन्स्पेक्टरसाहेब येतील," ते म्हणाले. "तुमचा तास बघतील. त्यांना ऐकू आलं तर तुम्ही कायम. न्हाय आलं तर माझ्या हातात काय न्हाय, बघा." वडील वारलेले, पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या, आणि दुसरी नोकरी मिळवायची तर तिथेही बोलावेच लागणार. मी "बरं" म्हणालो. हेडमास्तर म्हणाले, "काय म्हणालात?"

शिक्षकांच्या खोलीत मला कोणाचा आधार मिळावा, तर तिथे दोन राज्ये होती. जुने शिक्षक उर्दूत शिकलेले, उर्दूतच शिकवीत आलेले, आणि आता भूमितीचे प्रमेय मराठीत सांगताना पन्नाशीत घामाघूम होणारे. त्यांचे म्होरके गणिताचे वृद्ध मास्तर. नवे शिक्षक सोलापूर-पुण्याकडून आलेले, शुद्ध बोलणारे. त्यांचे पुढारी विज्ञानाचे तरुण मास्तर. दोन्ही बाजूंचे पाण्याचे माठ वेगळे होते. मी जुन्यांइतका उर्दू शिकलेला आणि नव्यांइतका तरुण, त्यामुळे दोन्ही माठांना परका. मी घरून तांब्या आणीत असे.

ड्रिलमास्तर एकदा माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभे राहून माझा तास ऐकत होते, किंवा ऐकण्याचा प्रयत्न करीत होते. मधल्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. "मास्तर, आवाज हाय तुमच्याकडं," ते सुतळीला गाठ मारीत म्हणाले. "आत कुठं तरी अडकलाय. दोरावर सुटंल." मला घसा बसल्यावर हळद-दूध घ्यावे एवढे ठाऊक होते, दोराचा उपाय मी प्रथमच ऐकत होतो.

त्या वर्षी त्यांनी गावाबाहेरच्या नाल्याकाठी आपले स्वप्न उभे करायला घेतले होते. चिंचेच्या फांदीवरून लोंबणारे चढायचे दोर, दोरांचे विणलेले मोठे जाळे, आणि जुन्या फळ्यांची एक उंच भिंत, जिच्यावर एकट्याने चढताच येऊ नये अशी त्यांनी मुद्दाम ती गुळगुळीत केली होती. विज्ञानाच्या मास्तरांनी या भिंतीचा उपयोग विचारला तेव्हा ते म्हणाले, "एकट्याला चढता आली तर ती भिंत कसली, तो ओटा झाला." आणि या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे डोहावरचा पूल. एक दोर पायाखाली, एक डोक्याच्या उंचीवर हाताला. बस्स, एवढाच पूल. खाली छातीभर पाणी.

गावात बोलबाला झाला. पालक शाळेत आले आणि आमची पोरे पूजा सांगायची आहेत, डोंबाऱ्याचा खेळ करायची नाहीत, असे बजावून गेले. हेडमास्तरांनी मध्यम मार्ग काढला: आधी मास्तर लोकांनी पूल ओलांडून दाखवावा, मग मुलांचे पाहू. त्यांची खात्री होती की मास्तर लोक कशासाठीही एकत्र येणार नाहीत आणि प्रकरण आपोआप मिटेल. पण नव्यांनी ताबडतोब होकार दिला, त्यामुळे जुन्यांना नकार देता येईना. रविवार ठरला.

पुलाचा पायाचा दोर ड्रिलमास्तरांनी तामलवाडीच्या एका म्हाताऱ्या दोर वळणाऱ्याकडून अंबाडीचा नवा कोरा आणला होता. आणायला मीच बरोबर होतो. म्हातारा म्हणाला होता, "नवा हाय, भिजवा. भिजला की वाळवा. मग ताणा. वला ताणला तर उन्हात ढिला पडंल, सांगून ठिवतो." मास्तर हसले. दोराच्या बाबतीत त्यांना कोणी काही सांगणे म्हणजे पुजाऱ्याला आरती शिकवण्यासारखे होते. "बाबा, फौजेत आमी वलाच बांधत होतो," ते म्हणाले. रविवारला एकच दिवस होता. दोर शनिवारभर विहिरीत बुडाला आणि रविवारी पहाटे दोन झाडांना ओलाच बांधला गेला. तो तारेसारखा ताठ होता. मास्तरांनी त्याला टिचकी मारली तर तो वाजला. हाताचा दोर मात्र मोटेचा जुना, वाळलेला नाडा होता.

उजाडताच तिघे नवे मास्तर सहज पलीकडे गेले. विज्ञानाच्या मास्तरांनी तर मध्यावर थांबून चष्मा पुसला. आता जुन्यांची पाळी आली, आणि त्यांच्यात आधी कोणी जायचे हा प्रश्न निघाला. गणिताचे मास्तर वयाने ज्येष्ठ, पण भूगोलाचे मास्तर नोकरीत चार महिन्यांनी ज्येष्ठ. गणिताचे मास्तर म्हणाले, "आप पहले." भूगोलाचे मास्तर म्हणाले, "छे छे, तुमच्या आधी मी पाय टाकू व्हय?" मग चहा झाला. मग नेमणुकीच्या तारखा निघाल्या. मग कोणाची नेमणूक हंगामी होती यावर चर्चा झाली. ड्रिलमास्तर शिट्टी तोंडात धरून बारीक आवाजात श्वास घेत होते. सूर्य कासराभर वर आला. शेवटी दोन्ही ज्येष्ठांनी एकमताने ठरवले की सर्वांत कनिष्ठाने जावे, म्हणजे मी. त्यांचे एकमत झालेले मी प्रथमच पाहत होतो आणि ते माझ्याविषयी झाले होते.

पहिली दहा पावले मी कशी टाकली हे मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. अकराव्या पावलाला दोर माझ्याखालून खाली गेला. उन्हाने तो सुकला होता, आणि म्हाताऱ्याने सांगितले होते तसा सैल पडला होता. हाताचा नाडा मात्र होता तिथेच. माझे पाय डोहाकडे निघाले आणि हात आकाशात राहिले. दोन खुंट्यांना ताणून वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा मी त्या डोहावर उभा टांगला गेलो. मला पोहता येत नव्हते. छातीभर पाणी ही ड्रिलमास्तरांची छाती होती, माझी नव्हे.

ड्रिलमास्तरांनी कपड्यांसह पाण्यात उडी घेतली आणि ते माझ्या खाली येऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. पायाच्या दोराची दोन्ही टोके बुंध्यांना वेढे देऊन, संध्याकाळी दोर उतरवता यावा म्हणून, या खेपेला कोणालाही सुटेल अशा गाठीने बांधलेली होती. गाठी सोडून ती टोके एकाच वेळी दोन्हीकडून ताणली तर मी वर येणार होतो. मास्तरांनी इशारत देण्यासाठी शिट्टी फुंकली. शिट्टीत पाणी गेले होते. तिच्यातून हुक्क्यासारखी गुळगुळ निघाली. आणि काठांवर काय चालले होते? अलीकडून गणिताचे मास्तर पलीकडच्यांना म्हणत होते, "पहले तुमी खेचा, तुमी जवान हाय." पलीकडून विज्ञानाचे मास्तर नम्रपणे म्हणत होते, "आपण वडील आहात, आपण सुरुवात करावी." एका बाजूने खेचावे तर दुसरी सोडी, ती खेची तेव्हा पहिली विसावा घेई, आणि मी दर खेपेला वीतभर खाली जाई. खालून ड्रिलमास्तर माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, शिट्टी गेली माझी. आता तुमीच सांगा त्यांना." हे ते मोठ्या धूर्तपणाने म्हणाले असतील असे मला पुढे वाटले, त्या वेळी त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"गणितवाले, धरून ठेवा," असे कोणी तरी ओरडले. तो आवाज चिंचेवर जाऊन आदळला, तिथले बगळे उडाले, आणि मला कळले की तो माझा आहे. मग मात्र मी थांबलो नाही. "नुसते धरा, सोडू नका. विज्ञानवाले, तुम्ही एक हात खेचा. आता तुम्ही धरा. आता अलीकडचे. मान नंतर द्या एकमेकांना, आधी दोर द्या." सहा सुशिक्षित माणसे माझ्या तालावर खेचत होती आणि धरत होती. भूगोलाच्या मास्तरांची टोपी पाण्यात पडली, मी तिच्याकडे पाहू दिले नाही. पायांखाली दोर पुन्हा ताठ झाला. मी पलीकडे पोचलो तेव्हा विज्ञानाच्या मास्तरांनी मला वर ओढून घेतले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तर खेकसता." मी खाली बसलो आणि पोटभर हसलो, भीती सरल्यावर येते तसले, थांबवता न येणारे ते हसू होते. थोड्या वेळाने पाहतो तो गणिताचे मास्तर धोतराचा काचा मारून दोरावर निघाले होते आणि नवे मास्तर दोर धरून त्यांना "सावकाश, सावकाश" म्हणत होते. त्या दिवशी उरलेला चहा एकाच पातेल्यातून झाला.

दिवाळीनंतर इन्स्पेक्टरसाहेब आले. मी पानिपत शिकवीत होतो. फळ्याकडे तोंड असतानाही माझा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. मध्येच शिपाई आला आणि हेडमास्तरांनी जरा हळू शिकवायला सांगितले आहे, शेजारी भूमितीचा तास चालत नाही, असे सांगून गेला. साहेबांनी वहीत काही लिहिले आणि जाताना मला म्हणाले, "ऐकू आलं." महिनाभराने कायम झाल्याचा कागद हातात आला, तेव्हा तो मी तीन वेळा वाचला आणि मग घरी जाऊन आईला इतक्या मोठ्याने वाचून दाखवला की शेजारचे दोघे जण काय झाले म्हणून पाहायला आले. कित्येक महिन्यांनी त्या रात्री मी वेळेवर जेवलो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ड्रिलमास्तरांच्या बिऱ्हाडी गेलो. आभाराचे भाषण मी जुळवून नेले होते. त्याला प्रस्तावना होती. मास्तर खाटेवर बसले होते. हात रिकामे होते, आणि ते पाहून मला चुकल्यासारखे झाले. त्यांनी मला बसायला सांगितले आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "मास्तर, चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"वला दोर बांधला त्ये. फौजेत आमी वलाच बांधायचो, खरं हाय. पण बांधला की तासाभरात पार. ऊन येईस्तवर थांबायची पाळीच आली न्हाय कधी. म्हातारबा सांगत होता, म्या ऐकलं न्हाय. त्या दिवसापासनं डोळ्याला डोळा न्हाय माझ्या. तुमी लोंबताय, आन माझ्या शिट्टीतनं पाणी निघतंय, हेच दिसतंय. पालक बी आता पोरं पाठवतो म्हणाय लागलेत. मला भ्या वाटतंय. सगळं सोडून टाकावं म्हणतो. तुमी सांगा, काय करू?"

गेले दोन महिने मी सुटलो, सुटलो म्हणत गावभर हिंडत होतो, आणि माझ्या सुटकेची किंमत हा माणूस रात्री जागून चुकवीत होता, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. आजवर मला कोणी 'तुम्ही सांगा' असे म्हटले नव्हते. मी म्हणालो, "सोडू नका. दोर वाळवून बांधा, दर तासाला ताणून बघा, आणि मुलांना जेव्हा न्याल तेव्हा एका काठावर मी उभा राहीन. दुसऱ्यावर गणिताचे मास्तर. मी विचारलं नाही त्यांना, पण ते येतील."

"दर तासाला," असे त्यांनी पाठ केल्यासारखे म्हटले. मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली. मी संधी साधून माझ्या भाषणाला सुरुवात केली. मोठ्या आवाजात, स्पष्ट उच्चारांत, प्रस्तावनेपासून. माणसाच्या आयुष्यात असे काही प्रसंग येतात, इथपर्यंत मी आलो आणि पाहिले तर ते झोपले होते. बसल्या जागी, मान एका खांद्यावर टाकून, दमलेल्या मुलासारखे गाढ झोपले होते.

पुढे त्या डोहावर मुलांच्या किती तुकड्या गेल्या, आणि मग ड्रिलमास्तरांची बदली जळकोटकडे कशी झाली, हा सगळा निराळा इतिहास आहे. त्यात आभार मानायला योग्य असा दिवस मला पुन्हा सापडला नाही. त्या संध्याकाळी मात्र मी भाषण अर्ध्यावर सोडले, इतके दिवस खणून काढलेला तो आवाज पुन्हा आत घेतला, आणि चपला हातात धरून त्यांच्या खोलीतून बाहेर आलो.